कागद कपाटात, पत्ता नोंदवहीत



गेल्या वर्षी ज्येष्ठात आपल्या एका गटाचं कर्ज प्रकरण बँकेत अडलं. बँकेने आधीच्या कर्जाच्या वेळचा ठराव आणि परतफेड पूर्ण झाल्याचा दाखला मागितला. ठराव झालेला होता, सगळ्यांच्या सह्या होत्या, दाखलाही मिळाला होता. पण जुनी ठराव वही घर गळलं तेव्हा भिजून गेली. तिचे फोटो होते ते आधीच्या सीआरपी ताईंच्या फोनवर. ताईंनी काम सोडलं, फोन बदलला, आणि जुन्या खात्याचा पासवर्ड त्यांनाही आठवेना. यात त्यांचा दोष नाही, कागद संघाचे असून आपणच ते त्यांच्या घरच्या खात्यावर ठेवले होते. कागद सापडेपर्यंत १७ दिवस गेले, पेरणी तोवर थांबते होय? दोघींनी बियाण्यापुरते पैसे सावकाराकडून उचलले. ते व्याज त्या अजून फेडताहेत.

त्यानंतरच्या कार्यकारिणीच्या बैठकीत ठरलं की गटांचे, ग्रामसंघांचे आणि प्रभागसंघाचे कागद स्कॅन करून संघाच्याच मालकीच्या संगणकावर ठेवायचे. मी संघाची लेखापाल. संगणक कामापुरता शिकलेली. तरी हे काम माझ्याकडे आलं, आणि दीड वर्षात जे कळलं, जिथे चुकलं, ते इथे लिहिते. शेजारच्या दोन संघांनी विचारलंच आहे, म्हणून जरा सविस्तर.

एका संगणकात दोन वस्तू

आपण जे बसवलं त्याचं नाव नेक्स्टक्लाउड. २०१६ साली जर्मनीत सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि कुणीही आपल्या संगणकावर बसवू शकतं. पैसे लागले ते संगणक, दोन जादा डिस्क, बॅटरी आणि बसवून देणाऱ्या मुलाची मजुरी एवढ्याचे.

बाहेरून ते साधं दिसतं. फोनवर किंवा संगणकावर नाव-पासवर्ड टाकला की फोल्डर दिसतात. पण आत दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि हे मला कळायला मोठा फटका बसावा लागला. एक आहे कपाट, म्हणजे डिस्कवरचं फोल्डर, ज्यात स्कॅन केलेल्या फाईली पडलेल्या असतात. दुसरी आहे नोंदवही, म्हणजे डेटाबेस. कोणती फाईल कुठे आहे, कधी आली, कुणाच्या खात्यावर आहे, कोण ती बघू शकतं, तिला कोणती चिठ्ठी लावली आहे, हे सगळं नोंदवहीत असतं. फाईल स्वतः तिथे नसते.

आपल्या खतावणीत पानाला क्रमांक असतो ना, तसा इथे प्रत्येक फाईलला क्रमांक मिळतो. आत गेल्यावर फाईलचं नाव बदला, एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवा, क्रमांक तोच राहतो आणि चिठ्ठ्या त्या क्रमांकाला चिकटून राहतात. म्हणून आपण प्रत्येक कागदाला तीन चिठ्ठ्या लावतो: गटाचं नाव, वर्ष, आणि कागदाचा प्रकार. ठराव, करारनामा, परतफेडीचा दाखला, लेखापरीक्षण असे प्रकार ठरवून ठेवलेत. बँकसखीने "अमुक गट, २०२२, ठराव" असं निवडलं की तेवढेच कागद समोर येतात.

नुसते फोल्डर केले असते तर चाललं नसतं का, असं अध्यक्षताईंनी विचारलं होतं. दोन-तीन गटांचं चाललं असतं. पण चार जणी एकाच वेळी काम करणार, प्रत्येकीला वेगळं दिसलं पाहिजे, आणि मधेच लाईट जाणार. किर्दीत जमा लिहिली आणि नावे लिहायच्या आत कुणी हाक मारली की काय गोंधळ होतो ते आपल्याला माहीत आहे. चांगल्या डेटाबेसमध्ये नोंदीच्या सगळ्या बाजू लिहून झाल्या तरच ती पक्की होते, नाहीतर ती झालीच नाही असं धरलं जातं. अर्धवट पान राहत नाही. तरीही बॅटरी घ्याच, कारण झटक्याने बंद पडण्याने डिस्क खराब होते, तिला किर्दीचे नियम लागू नाहीत.

बसवताना डेटाबेस कोणता हवा ते विचारलं जातं. एसक्यूलाईट नावाचा सोपा पर्याय असतो, तो एकटीने वापरायला किंवा करून बघायला ठीक. अनेक जणी वापरणार असतील तर मारियाडीबी किंवा पोस्टग्रेएसक्यूएल घ्यावा. आपण मारियाडीबी घेतला. तो बनवणाऱ्या माणसाने आपल्या धाकट्या मुलीचं, मारियाचं नाव त्याला दिलंय. आधीच्या मायएसक्यूएलला थोरल्या मुलीचं नाव होतं. बैठकीत हे सांगितल्यावर सगळ्यांना तो डेटाबेस एकदम घरचा वाटायला लागला!

पाठीमागच्या दाराने आणलेले कागद

सुरुवातीलाच एक घोटाळा झाला. एका ग्रामसंघाचे ३०० कागद पेनड्राइव्हवर आले. मला वाटलं, एकेक कशाला चढवायचे, म्हणून मी सरळ संगणकाच्या डिस्कवर त्या फोल्डरमध्ये टाकून दिले. फोनवर बघते तर एकही दिसेना. पुन्हा टाकले, तरी नाही.

कागद कपाटात होते, पण नोंदवहीत त्यांची नोंद नव्हती. आणि नेक्स्टक्लाउड नोंदवही बघून दाखवतं, कपाट उघडून बघत बसत नाही. यावर उपाय आहे. ओसीसी नावाच्या साधनातून फाईल स्कॅनची आज्ञा दिली की ते कपाट मोजून नोंदी पूर्ण करून घेतं. ही आज्ञा आता मोठ्या अक्षरात लिहून संगणकाशेजारच्या भिंतीला चिकटवली आहे.

पण उलटंही होतं, आणि ते जास्त त्रासाचं. नोंद झालेली फाईल पाठीमागून डिस्कवर हलवली, तर स्कॅन करताना ती नवी फाईल म्हणून घेतली जाते. नवा क्रमांक. जुन्या चिठ्ठ्या गेल्या. म्हणून नियम केला की कागद आत येणार ते पुढच्या दारानेच, म्हणजे फोनच्या ॲपमधून किंवा ब्राउझरमधून.

ऑक्टोबरात डिस्क गेली

मी दर शनिवारी फाईलींचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेत होते. कार्यकारिणीत अभिमानाने सांगतही होते. ऑक्टोबरात एका सकाळी संगणक सुरूच होईना. डिस्क गेली होती.

नवी डिस्क बसवली, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, संघाचं खातं त्याच नावाने उघडलं, शनिवारची प्रत परत ठेवली, स्कॅन केलं. सगळ्या फाईली आल्या. मला हायसं वाटलं. मग बँकसखी म्हणाली, ताई, चिठ्ठ्या कुठेत?

चिठ्ठ्या नोंदवहीत होत्या आणि नोंदवहीची प्रत मी कधी काढलीच नव्हती. बाकीच्या ताईंची खाती गेली, कुणाला काय दिसावं ते गेलं, आणि स्कॅनरने दिलेल्या नावांच्या फाईली राहिल्या: स्कॅन एक, स्कॅन दोन, स्कॅन नऊशे चाळीस. आम्ही तिघींनी अकरा दिवस एकेक उघडून, वाचून पुन्हा चिठ्ठ्या लावल्या. चार कागद असे होते की कुठल्या गटाचे ते सह्यांवरून ओळखावे लागले, आणि दोन अजूनही ओळखता आलेले नाहीत.

तरी आपलं नशीब, फाईली डिस्कवर निदान फाईलींसारख्या होत्या. काही ठिकाणी कपाट म्हणून दूरची भाड्याची साठवण वापरतात. तिथे फाईली नुसत्या क्रमांकाने पडलेल्या असतात, नावही फक्त डेटाबेसमध्ये. तिथे नोंदवही गेली तर पानं आहेत पण कशाचीच ओळख नाही, अशी गत.

आता शनिवारचं काम असं चालतं. आधी देखभालीची स्थिती चालू करायची, म्हणजे तेवढा वेळ कुणालाच आत येता येत नाही. हे महत्त्वाचं, कारण प्रत निघत असताना कुणी कागद टाकला तर तो कपाटाच्या प्रतीत येईल आणि नोंदवहीच्या प्रतीत नाही, किंवा उलट. मग डेटाबेस एका फाईलीत उतरवायचा, त्याला डम्प म्हणतात. ती फाईल कागदांच्या मानाने अगदी छोटी असते, आणि तेवढ्यासाठी आमचे अकरा दिवस गेले. मग फाईलींचं फोल्डर. मग कॉन्फिग नावाचं फोल्डर, ज्यात डेटाबेसचा पासवर्ड आणि या बसवणुकीची गुप्त किल्ली असते. तिन्ही एकाच तारखेचे हवेत. ते झालं की देखभाल बंद. पाऊण तास लागतो, दुपारच्या जेवणाच्या वेळी करतो.

बाहेरच्या डिस्क दोन आहेत, पासवर्डने कुलूपबंद. एक कचेरीत, एक कोषाध्यक्ष ताईंच्या घरी, आणि दर शनिवारी अदलाबदल. एकाच खोलीत दोन्ही ठेवल्या तर चोरीला किंवा आगीला एकच खेप पुरते.

आणि दर तीन महिन्यांनी जुन्या लॅपटॉपवर ती प्रत परत उभी करून बघतो. पहिल्याच वेळी डम्पची फाईल रिकामी निघाली! पासवर्ड बदलला होता आणि आज्ञेत जुनाच राहिला होता. आता प्रत उभी राहिली की बँकसखी तीन कागद चिठ्ठीवरून शोधते. सापडले तर वहीत सही.

कुणाला काय दिसावं

गटाच्या पैशाची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे, हे आपण पहिल्या दिवसापासून पाळतो. इथे मात्र सगळं एका व्यवस्थापक खात्यात असतं आणि व्यवस्थापकाला वाटलं तर तो सगळं उघडू शकतो. म्हणून त्या खात्याचा पासवर्ड मी आणि सचिवताई दोघींकडेच आहे, आणि एक प्रत बंद पाकिटात, पाकिटावर तिघींच्या सह्या, संघाच्या तिजोरीत. बसवून देणाऱ्या मुलाचं काम झाल्यावर पासवर्ड बदलला. मुलगा गुणी आहे, तरीही.

रोजच्या कामाला प्रत्येकीचं वेगळं खातं. गटाच्या सचिवांना आपल्या गटाचं दिसतं. सीआरपी ताईंना आपल्या गावातल्या गटांचं दिसतं आणि नवीन टाकता येतं, पण पुसता येत नाही. चुकून पुसलं गेलंच तर कचराटोपलीत फाईल ३० दिवस राहते, त्यानंतर जागा लागली की यंत्र आपणहून ती काढून टाकतं.

एखादी ताई काम सोडते तेव्हा खबरदारी घ्या. खातं बंद करणं वेगळं आणि खातं पुसून टाकणं वेगळं. पुसलं की त्या खात्यावरच्या फाईलीही जातात. म्हणून आधी फाईली संघाच्या खात्याकडे वर्ग करायच्या, मग खातं नुसतं बंद करायचं.

आणखी एक गोष्ट लिहायला नको वाटते, पण लिहिते. एका गटाचा थकबाकीचा तक्ता मी दुव्याने सचिवांना पाठवला. दुव्याला पासवर्ड नव्हता, मुदत नव्हती. तो दुवा पुढे गेला, आणि त्यातल्या एका ताईची थकबाकी दोन दिवसांत गावभर झाली. तिच्या लेकीच्या लग्नाची बोलणी चालू होती. मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली, पण गेलेली गोष्ट परत येत नाही. त्यानंतर व्यवस्थापनात अशी सक्ती लावून घेतली की दुव्याला पासवर्ड आणि सात दिवसांची मुदत असल्याशिवाय तो तयारच होत नाही. आधारच्या पूर्ण प्रती घेणंही थांबवलं, जिथे चालतं तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत घेतो. २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, पण त्याच्याही आधी ती ताई आपली आहे.

राहिलेली दोन कामं. सॉफ्टवेअर नवं करताना मोठ्या आवृत्त्या ओलांडून उडी मारता येत नाही, एकेक पायरीच चढावी लागते. म्हणून साचू देऊ नका, आणि प्रत्येक पायरीआधी प्रत काढा. दुसरं, सध्या हा संगणक कचेरीच्या वायफायपुरताच आहे, बाहेरून उघडत नाही. त्यामुळे लांबच्या गावांना कचेरीत यावं लागतं, ही गैरसोय खरी. बाहेरून उघडा करायचा तर त्याची सुरक्षा नेमाने बघणारं कुणीतरी हवं, ते अजून आपल्याकडे नाही.

मूळ ठराव वही मात्र कुणी टाकून देऊ नका. स्कॅन ही प्रत आहे, लेखापरीक्षणाला आणि बँकेला सह्यांची मूळ वहीच लागते. ज्या गटांचं स्कॅनिंग राहिलंय त्यांनी ठराव वही, कर्ज खतावणी आणि बँकेचे दाखले घेऊन शनिवार सोडून कोणत्याही दिवशी या. फाईलीतल्या पिना घरीच काढून आणा, त्यातच आमचा अर्धा दिवस जातो. आणि त्या दोन अनोळखी कागदांच्या प्रती कचेरीच्या फळ्यावर लावल्या आहेत, येता-जाता सह्या ओळखीच्या वाटतात का ते बघा.