चाकोरी

पहाटे ४.१५

सप्टेंबरात वाशिमला जाग आली की डोळ्यांआधी कान कामाला लागतात. पत्रा वाजतोय का? आज वाजत नव्हता. पण परवा रात्री पाऊस धो धो पडून गेला होता, म्हणून मी चप्पल न घालता अंगणात गेलो आणि टाच जमिनीत रोवून पाहिली. टाच वर काढताना माती सोबत आली. काळी माती पायाला अशी चिकटली म्हणजे पांदण, शेतांमधली गाडीवाट, अजून वाळलेली नाही. मुरमाचा रस्ता मात्र आतापर्यंत कोरडा झाला असणार. मुरमातून पाणी चार तासांत खाली जातं. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि ते दोन-दोन दिवस सोडत नाही. माझ्या धंद्यातलं निम्मं शहाणपण एवढ्यातच आहे.

धंदा गाडीचा. बोलेरो, फोर-बाय-फोर, पिवळ्या पाटीची. लग्नाची वऱ्हाडं, पोहरादेवीचे भाविक, दवाखान्याचे पेशंट हे नेहमीचं काम. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एका कामाची भर पडली. पुण्या-नागपूरची कुटुंबं फोन करतात, आम्हाला डोंगरातल्या कच्च्या रस्त्यानं न्या म्हणतात. वडील याच भागात काळी-पिवळी चालवायचे. त्यांच्या कमांडर जीपमध्ये माणसं मावतील तेवढी बसायची आणि कच्चा रस्ता कोणाला मौजेचा वाटायचा नाही. मला तो मौजेचा वाटतो हे खरं आहे, आणि लोकांनाही वाटावा असं मला मनापासून वाटतं. पण तो कुणाच्या तरी रोजच्या वहिवाटीचा रस्ता आहे हे आधी कळावं लागतं.

५.००

ऑइल, पाणी, बॅटरीच्या तारा, स्टेपनीतली हवा. मागे दोरखंड, फावडं, रिकामी पोती चार, हवा भरायचा छोटा पंप, हवा मोजायचं मीटर, वीस लिटर पाणी आणि दीड फुटाची एक जाड फळी. या फळीबद्दल सगळे विचारतात. काळ्या मातीत जॅक लावला की गाडी वर येत नाही, जॅकच खाली जातो. त्याच्याखाली फळी लागते. एवढी साधी गोष्ट, पण ती नसल्यामुळे माणसं अंधार पडेपर्यंत रानात बसलेली मी पाहिली आहेत.

मोबाईलवर ‘दामिनी’ उघडून पाहिलं. विजेची सूचना देणारं हे ॲप पुण्याच्या हवामान संस्थेनं केलेलं आहे. परतीच्या पावसात आमच्याकडं वीज माणसं आणि बैल घेऊन जाते, आणि पठारावर आडोसा म्हणून एखादंच झाड असतं, ज्याच्याखाली नेमकं थांबायचं नसतं. सकाळ मोकळी दिसत होती. दुपारनंतरचा भरवसा नव्हता.

६.१०

आजची पार्टी पुण्याची. नवरा-बायको (साहेब आणि ताई), चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि शहात्तर वर्षांच्या आजी. आजी सत्तरच्या दशकात मानोरा तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. तेव्हा हा सगळा अकोला जिल्हा, वाशिम वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. एसटी जिथं सोडायची तिथून त्या डोंगर चढून शाळेत जायच्या. आता गुडघे ऐकत नाहीत. दुसऱ्या बाजूनं तांड्याजवळपर्यंत डांबरी रस्ता झाला आहे, पण त्यांना आपल्या जुन्या वाटेनंच वर जायचं होतं.

“गाडी जाते का हो भाऊ तिथं?” त्यांनी फोनवर विचारलं होतं.

“बैलगाडी जात असंल तं जाते, आजी.”

बेल्ट सगळ्यांना लावायला लावले, मागच्यांनाही. पोराला उठून खिडकीबाहेर डोकं काढायचं होतं. त्याला नाही म्हटलं आणि कारणही सांगितलं. कारण सांगितलं की पोरं ऐकतात.

७.००

मंगरूळपीरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं, मधूनच तुरीचे हिरवे पट्टे. मुलगी म्हणाली, “काका, डोंगर कुठंय?” हा प्रश्न मला नेहमी येतो. सह्याद्रीचे कडे पाहिलेल्या माणसाला आमचे डोंगर ओळखू येत नाहीत. अजिंठ्याची रांग आमच्याकडं येईपर्यंत पसरट होते. वर पठार, मध्ये नाल्यांनी कापलेल्या उतरणी, खाली काळी जमीन. तुम्ही डोंगरावरच उभे असता आणि ते कळतही नाही. वाशिमजवळच्या काटा गावी उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे जाऊन पूर्णेला, पुढं तापीला मिळते आणि तिचं पाणी अरबी समुद्रात जातं. इकडचं पाणी पैनगंगेतून वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत पलीकडच्या बंगालच्या उपसागरात पोचतं. आजींनी ते दोन्ही नातवंडांना बोटांनी हवेत काढून दाखवलं. बाई अजून फळ्यासमोरच होत्या.

मंगरुळात तर्री-पोहे. त्यावर वेळ घालवला नाही.

८.४०

मानोऱ्याच्या पुढं एका ठिकाणी डांबर सोडलं आणि उतरून टायरांतली हवा कमी केली. तिसाच्या आसपास होती, बावीसवर आणली. हवा कमी झाली की टायर जमिनीवर पसरून बसतो, दगडावर उसळत नाही, मऊ जागी रुतत नाही. मुलीला मीटर धरायला दिलं. चारही टायर तिनंच केले. मग गाडीतला छोटा दांडा ओढून चारही चाकांना ताकद दिली, लो मध्ये. लो म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त. बैल चढणीला मान खाली घालून जसा एकेक पाऊल रोवत चढतो, तसं.

चाकोरी हा शब्द शहरातले लोक वाईट अर्थानं वापरतात. चाकोरीबाहेरचं केलं म्हणजे मोठं केलं. माझी चाकोरी खरीखुरी आहे. बैलगाड्यांच्या चाकांनी वर्षानुवर्षं पाडलेले हे दोन चर, ज्यात माझ्या गाडीची चाकंही जवळपास मापात बसतात. त्यातली माती दाबून दाबून घट्ट झालेली असते. गावानं ती कुठून न्यायची हे ठरवलेलं असतं, कुणाच्या धुऱ्याला न खेटता, पाण्याची वाट न अडवता. त्या दोन चरांत चाकं ठेवणं हे माझं काम.

९.१५

पहिला नाला. पाणी गढूळ, पण वाहणं संथ. गाडी बंद केली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काठी घेऊन पाण्यात उतरलो. आधी मी चालतो, मग गाडी चालते. उजव्या चाकोरीत काठी टण्ण वाजली, खाली दगड. डावीकडं मधोमध एक खड्डा लागला, काठी वीतभर जास्त आत गेली. पाणी नडगीच्या मध्यावर. गुडघ्याच्या वर असतं तर सगळ्यांना परत नेलं असतं, आजींना कितीही वाईट वाटलं असतं तरी.

पलीकडून एक म्हातारे बाबा बैलजोडी घेऊन येत होते. नुकताच पोळा झालेला, बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून शाबूत होता.

“बाबा, पुढं कशी हाय वाट?”

“नाल्यात काई नाई. पुढची पांदण खराब हाय. काल सांजच्याले गाडी फसली तठी.”

खड्डा चुकवायला चाकं वीतभर उजवीकडं धरून, दुसऱ्या गिअरमध्ये, मध्ये न थांबता नाला ओलांडला. पाण्यात गिअर बदलायचा नाही. बाहेर आल्यावर दोन-तीनदा हलका ब्रेक दाबून लायनर सुकवले.

९.४०

बाबा खरं बोलले होते. तीनशे मीटरची पांदण, दोन्हीकडं सोयाबीन. मध्यावर मागची चाकं जागच्या जागी फिरली. टायरच्या खाचा मातीनं भरल्या की टायरचा लाडू होतो, त्याला जमिनीला धरायला काही राहत नाही. अशा वेळी पाय आपोआप ॲक्सिलेटरवर जातो. तो उचलायचा. चाक जितकं फिरतं तितकी आपलीच कबर खणतं. मी गाडी बंद केली.

डावीकडं फक्त दोन हात अंतरावर जमीन टणक दिसत होती. त्यावर कुणाचं तरी सोयाबीन उभं होतं, शेंगा भरलेल्या.

“दादा, तिथून काढा ना थोडी,” साहेब म्हणाले. “नुकसानभरपाई देऊ आपण.”

“मालक इथं नाई साहेब. त्याले विचारल्याबिगर त्याच्या पिकावर चाक नाई घालत मी.”

साहेब गप्प झाले, मग बूट काढून खाली उतरले. आजी सोडून सगळे उतरले. फावड्यानं चाकापुढची माती बाजूला केली, टायरच्या खाचा काडीनं कोरून काढल्या. ते काम पोरानं असं मन लावून केलं की त्याला थांबवावं लागलं. चारही पोती चाकांपुढं अंथरली. लो मध्ये दुसरा गिअर, पाय अगदी हलका. गाडी इंच इंच सरकली, पोत्यांवर चढली. पोती उचलून पुन्हा पुढं. असं सहा वेळा. ताईंच्या कोपरापर्यंत चिखल होता. तीनशे मीटरला पन्नास मिनिटं लागली, आणि सोयाबीनचं एक पान मोडलं नाही. मला दिवसभरातली ही सगळ्यात जास्त आवडलेली पन्नास मिनिटं.

११.००

मुरमाची चढण. हिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मुरूम चांगला, गाडी चांगली, आजी खिडकीची कड घट्ट धरून बाहेर बघत होत्या.

वर पठारावर आलो आणि गवत लागलं. कमरेइतकं उंच, वाऱ्यावर एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळणारं. पोरगा म्हणाला, “काका, यातून घाला ना गाडी! व्हिडिओत घालतात.”

मी थांबलो आणि त्याला खाली घेतलं. तीन वर्षांपूर्वी ज्येष्ठात मी अशाच एका मोकळ्या माळावर आडवाटेनं गाडी घातली होती, पाच मिनिटं वाचवायला. टिटव्या डोक्यावर ओरडत फिरू लागल्या म्हणून मागं वळून पाहिलं. खड्यांमध्ये घातलेली चार अंडी, खड्यांच्याच रंगाची, त्यातली तीन माझ्या चाकाखाली गेलेली. टिटवी उरलेल्या एका अंड्यावर येऊन बसली, उठली, परत बसली. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आमच्या भागातल्या गवतात तणमोर पावसाळ्यात वीण करतो. देशभरात फार थोडे उरलेत. नर गवतातून उभी उडी मारतो, दिवसातून शेकडो वेळा, मादीला दिसावं म्हणून. मादी अंडी जमिनीवरच घालते. कारंज्याचे कौस्तुभ पांढरीपांडे आणि त्यांची ‘संवेदना’ संस्था फासेपारधी समाजासोबत या गवतासाठी वर्षानुवर्षं काम करत आले आहेत. शिकारीतून ज्यांना पाखरांच्या सगळ्या खोडी माहीत, तेच लोक आता त्यांची राखण करतात. तिकडं कारंजा-सोहोळला काळविटांचं अभयारण्य आहे, तेही अशाच गवताळ माळाचं. गाडीवाल्यांना माळ म्हणजे रिकामी जागा वाटते. इथं रिकामं काहीच नाही.

पोरानं विचारलं, “मग आत्ता इथं असेल का तो?”

“असंल बी. म्हणून तं आपण वाटंवरच थांबलो.”

दहा मिनिटं सगळे गवताच्या कडेला उभे राहिलो. तणमोर दिसला नाही. चंडोलाचं गाणं ऐकू आलं.

१२.१०

तांड्यावर पोचलो. शाळा आता नव्या इमारतीत आहे, पण आजींनी लिंबाचं झाड ओळखलं. झाडाखाली बसलेल्या एका पांढऱ्या मिशांच्या माणसानं आजींकडं बराच वेळ पाहिलं, मग उठून जवळ आला.

“तुमी ह्या शाळेवरच्या बाई तं नव्हे?”

आजींनी त्याचं नाव नाही, हजेरीतला नंबर सांगितला. तो माणूस, स्वतः चार नातवंडांचा आजोबा, वाकून त्यांच्या पायाशी बसला.

मग बाजा टाकल्या गेल्या, ज्वारीच्या भाकरी, झुणका, ठेसा आला. एक म्हातारी याडी (आई), घागऱ्यावरची जुनी कवडीची झालर अजून राखून ठेवलेली, मुलीला आपल्या बोलीत काही विचारत होती आणि आजी ते मराठीत सांगत होत्या. गोरमाटी ही बंजारा बोली त्या इथंच शिकल्या. मुलं घरी तीच बोलायची आणि पहिलीचं पुस्तक मराठीत असायचं, म्हणून.

लदेणीची गोष्ट निघाली. रेल्वे आणि पक्के रस्ते यायच्या आधी बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हे डोंगर पार करायचे. बायका, पोरं, म्हातारी माणसं, कोंबड्या, कुत्री, सगळं घर सोबत. पुढं रेल्वेनं तो व्यापार खाल्ला आणि १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी फिरत्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. आपण आज एका दिवसासाठी पैसे मोजून जे करतो ते या लोकांचं आयुष्य होतं. ही वाट कुणी पाडली असेल याचा अंदाज मला तिथं बाजेवर बसल्या बसल्या आला. वडिलांनाही कदाचित हे माहीत नसावं.

२.१५

पश्चिमेला ढग जमले. मी आजींना म्हटलं, “आता निघा लागते.” त्या तयार नव्हत्या. पण पाऊस आला तर नाला चढतो आणि पांदण बंद होते. उतरताना डांबरी रस्त्यानंच जायचं ठरवलं, आलो त्या वाटेनं नाही. वाट हट्टानं दोनदा तुडवायची नसते.

डांबर लागण्याआधी एक तीव्र उतार आहे. लो मधला पहिला गिअर टाकला आणि पाय ब्रेकवरून काढून घेतला. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ब्रेक दाबला की चाकं जागीच आवळतात आणि गाडी मुरमावरून घसरते. ताईंनी डोळे मिटले होते. आजींनी नव्हते.

३.३०

डांबरावर पंप लावून हवा परत भरली. पोहरादेवीला बंजाऱ्यांच्या सेवालाल महाराजांचं दर्शन, मग ‘बंजारा विरासत’ संग्रहालय, जे ५ ऑक्टोबर २०२४ ला खुलं झालं. आत मुलगी लदेणीच्या बैलांसमोर उभी राहून धाकट्याला समजावत होती, आजींच्याच आवाजात. बाहेर आलो तेव्हा पावसाचे थेंब पडायला लागले होते.

७.००

वाशिमला सगळ्यांना सोडलं. साहेबांनी हिशेब केला आणि विचारलं, “ती पोती धुऊन देऊ का?” असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. आजींनी माझ्या हातात कागदाची पुडी ठेवली. लिंबाखालची माती होती. “एवढी अर्धी तुमच्याकडं ठेवा,” म्हणाल्या. “अर्धी मी घेतली.”

८.३०

गाडी धुतली. रिमच्या आतल्या बाजूची काळी माती ओली आहे तोवरच काढावी लागते. सुकली की दगड होते आणि रस्त्यावर चाक थरथरतं. पोती अंगणात वाळत घातली.

पाऊस वाढला होता. उद्या नागपूरचं कुटुंब येणार होतं, त्यांनाही तीच पांदण पाहायची होती. फोन लावला.

“ताई, उद्याचं नाई जमणार. माती वाळायला दोन दिवस लागतात. परवा सकाळी अंगणात पाय ठेवून सांगतो.”

पलीकडून विचारलं गेलं, बाजूनं कुठून निघतो का रस्ता.

“बाजूनं सोयाबीन हाय,” मी म्हटलं.