एक आवाज, दोन करामती

मुलांनो, कुणाच्या घरी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आहे? पुष्कळ कीबोर्डांवर 'कोरस' आणि 'फ्लँजर' अशी दोन नावं असतात. कोरस लावला, की एकच सूर चार-पाच जणांनी मिळून वाजवल्यासारखा भरदार वाटतो. फ्लँजर लावला, की तोच सूर डोक्यावरून जेट विमान गेल्यासारखा 'झूंऽऽऊं' करत फिरतो. गंमत म्हणजे दोघांची युक्ती मुळात एकच, बरं का!

मूळ आवाजाची नक्कल करायची, ती किंचित उशिरा सोडायची आणि मूळ आवाजात मिसळायची. झालं! उशीर किती, यावर सारं अवलंबून. सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा उशीर झाला, तर प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो, हे मोठ्या वर्गांतल्या मुलांना ठाऊक असेल. इथला उशीर त्याहून कितीतरी कमी. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. एका मिलिसेकंदात आवाज हवेतून साधारण ३४ सेंटीमीटर जातो. तुमच्या फूटपट्टीहून थोडंसंच जास्त!

फ्लँजरमध्ये उशीर साधारण १ ते १० मिलिसेकंद. नक्कल इतकी चिकटून येते, की कानाला ती वेगळी कळतच नाही. पण ध्वनिलहरी एकमेकींत मिसळतात. उंचवट्यावर उंचवटा आला, तर आवाज वाढतो. उंचवट्यावर खळगा आला, तर पुसला जातो. उशीर हळूहळू कमी-जास्त होत राहतो, तसे पुसले जाणारे सूरही सरकत राहतात. तोच तो 'झूंऽऽऊं'!

करून बघा. तोंडाने 'शूऽऽऽ' करा आणि जाड पुठ्ठ्याचं पुस्तक वीतभर अंतरावरून तोंडाजवळ आणा, पुन्हा लांब न्या. 'शू' बदलला ना? पुस्तकावर आपटून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळला. हा तुमचा बिनविजेचा फ्लँजर!

कोरस म्हणजे समूहगान. त्यात उशीर जास्त, साधारण २० ते ३० मिलिसेकंद. शाळेतली प्रार्थना आठवा. चाळीस मुलं गातात तेव्हा कुणाचा शब्द जरा मागे, कुणाचा सूर जरा चढा. म्हणून तर ती भरून येते. यंत्र हेच करू बघतं. उशीर मागेपुढे डोलत ठेवला, की नकलेचा सूरही थोडा चढतो-उतरतो. कानाला वाटतं, शेजारी आणखी कुणीतरी गातंय.

पूर्वी आवाज भरदार करायला गायक तेच गाणं दोनदा गात आणि दोन्ही ध्वनिमुद्रणं एकत्र करत. बीटल्स या इंग्लंडच्या प्रसिद्ध गायकमंडळींतल्या जॉन लेननला याचा भारी कंटाळा. मग १९६६ साली लंडनच्या ईएमआय स्टुडिओत केन टाउनसेंड यांनी जास्तीचं टेप मशीन जोडून नक्कल तयार करण्याची सोय केली. टेपच्या चाकाच्या कडेला इंग्रजीत 'फ्लँज' म्हणतात. त्या कडेवर बोट टेकवून चाक जरा मंद केलं, की उशीर बदलायचा.

१९६९ साली हॉलंडमधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेत याला विजेचा पर्याय निघाला. आग विझवताना माणसं रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या पुढे देतात ना, तसा आवाजाचा विद्युतभार एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकवायचा. शेवटच्या कप्प्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, तोच उशीर! मग १९७६ साली जपानच्या बॉस कंपनीने पायाने दाबायची कोरसची पेटी आणली.

आता बटणांकडे वळू. 'डिले' म्हणजे उशीर, 'रेट' म्हणजे डोलण्याचा वेग, 'डेप्थ' म्हणजे डोलण्याचं प्रमाण आणि 'फीडबॅक' म्हणजे बाहेर आलेला आवाज पुन्हा आत सोडणं. कोरसला फीडबॅक शून्याजवळ ठेवा. फ्लँजरला तो वाढवला, की आवाज पत्र्याच्या नळीतून आल्यासारखा होतो. गिटारला, ढोलकांना तो छान दिसतो. पण स्नेहसंमेलनात गाणाऱ्याच्या आवाजावर फार चढवलात, तर शब्द कळेनासे होतील.

पालकांनो, एक विनंती. समूहगीताच्या वेळी एखाद्या मुलाला "तू नुसते ओठ हलव" असं सांगितलं जातं. सगळे आवाज अगदी एकसारखे असते, तर समूहगीत एकाच माणसाचं मोठ्याने गाणं वाटलं असतं. जो थोडासा फरक आणायला यंत्राला एवढी खटपट करावी लागते, तो मुलांच्या गळ्यात आयताच आहे. तेव्हा त्यालाही गाऊ द्या. सूर सरावाने सुधारतो, ओठ हलवून नाही.