डाऊन सिंड्रोमचे बाळ : आधी हृदयाची तपासणी, मग दाखला

पौष पौर्णिमेची म्हशाची यात्रा उठून आठवडा झाला असेल. रविवारची वंदना आटोपून आम्ही चटया गुंडाळत होतो. तेवढ्यात जवळच्याच वस्तीतील एक ताई बाळाला कडेवर घेऊन आल्या. दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागदच कागद. बाळ अकरा महिन्यांचे. मान नुकती सावरायला लागली होती. जन्मल्यावर दवाखान्यात डॉक्टरांनी "डाऊन सिंड्रोम दिसतो" असे सांगितले होते. पुढे काय करायचे ते मात्र कोणी नीट सांगितले नाही. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी त्या दोनदा शहरात जाऊन आल्या. दोन्ही वेळा "मोठे झाले की आणा" एवढेच उत्तर मिळाले. मधल्या काळात एक जण भेटला. आठ हजार द्या, दाखला घरपोच देतो, म्हणाला. त्यासाठी मंगळसूत्राचे मणी विकावेत का, हे विचारायला ताई आल्या होत्या.

आम्ही कागद पाहिले. सगळे होते, फक्त हृदयाच्या तपासणीचा कागद नव्हता. आम्हाला त्याचाच धसका बसला. म्हणून या महिन्याचे पान याच विषयाला दिले आहे.

पहिली गोष्ट आईने ऐकावी, आणि आईपेक्षा सासूने व शेजारणीने जास्त ऐकावी. आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. डाऊन सिंड्रोममध्ये २१ व्या जोडीत दोनऐवजी तीन गुणसूत्रे येतात. बहुतेक वेळा ही चूक बीज तयार होतानाच घडते. ग्रहणात विळी हातात घेतल्याने, गरोदरपणी वीटभट्टीवर काम केल्याने किंवा कोणाची नजर लागल्याने ते होत नाही. मागच्या जन्मीच्या पापाचा हिशेब तर बाबासाहेबांनी आपल्याला कधीच मोडीत काढून दिला आहे, तो पुन्हा बाळंतिणीच्या खोलीत आणू नये. पस्तिशीनंतर ही शक्यता वाढते हे खरे. पण एकूण बाळंतपणे तरुण वयातच जास्त होतात, म्हणून अशी बरीच बाळे तरुण आयांच्याच पोटी जन्मतात. 'मंगोल' हा जुना शब्द काही जुने लोक अजून वापरतात. तो सोडून द्यावा.

डॉक्टर चेहऱ्यावरून आणि हातापायांवरून अंदाज करतात. खात्री होते ती रक्ताच्या 'कॅरिओटाइप' तपासणीने. ही तपासणी दोन कारणांसाठी करून घ्यावी. एक म्हणजे पुढे प्रत्येक टेबलावर हा कागद उपयोगी पडतो. दुसरे कारण थोड्याच घरांचे असते. शंभरात तीन-चार बाळांमध्ये जास्तीचे गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेले असते. तसे निघाले तर आईवडिलांचेही रक्त तपासावे लागते, कारण पुढच्या बाळाचा प्रश्न असतो.

आता हृदयाकडे येऊ. डाऊन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. बाहेरून काही कळत नाही, कधी कधी छातीत आवाजही येत नाही. म्हणून अशा प्रत्येक बाळाची 'टू-डी इको' ही सोनोग्राफीसारखी तपासणी जन्मानंतर लवकरात लवकर व्हावी. काही मोठी छिद्रे पहिल्या सहा महिन्यांच्या आसपास शस्त्रक्रियेने बुजवावी लागतात. उशीर झाला तर फुफ्फुसातील रक्ताचा दाब वाढून बसतो आणि मग शस्त्रक्रियेची वेळ निघून जाऊ शकते. दाखला एक वर्ष थांबला तर पैशाचे नुकसान होते. हृदय थांबवून ठेवता येत नाही.

या कामाला अपंगत्वाचा दाखला लागत नाही, हे आमच्या अनेक घरांना माहीतच नाही. 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' २०१३ पासून चालू आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे आणि त्याच्या आजारांच्या यादीत डाऊन सिंड्रोम व जन्मजात हृदयरोग दोन्ही आहेत. त्याचे डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. पथकाची वाट पाहत बसू नये. आशाताईला किंवा अंगणवाडी सेविकेला सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रातून नाव नोंदवून घ्यावे. तेथून मुरबाड किंवा शहापूरच्या सरकारी रुग्णालयात आणि पुढे जिल्हा पातळीवर पाठवले जाते. शस्त्रक्रिया निघाली तर ती या कार्यक्रमातून किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होऊ शकते. इकोबरोबर थायरॉईड (जन्मताच, सहाव्या महिन्यात, वर्षाला आणि पुढे दरवर्षी), कान आणि डोळे यांची तपासणी करून घ्यावी. बाळ हाक ऐकत नसेल तर ते 'मंद' असेलच असे नाही. कधी कानात नुसते पाणी साठलेले असते.

आमच्या ताईंना आम्ही आधी याच वाटेने पाठवले. इकोत छिद्र निघाले. पुढचे पाच महिने कसे गेले ते त्यांनाच ठाऊक. पण शस्त्रक्रिया झाली, आणि दाखल्याचे काम आम्ही त्याच काळात बाजूने चालू ठेवले.

दाखल्याची पहिली पायरी म्हणजे ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. २१ दिवसांत नोंद केली तर पैसे पडत नाहीत. त्यावर बाळाचे नाव चढवून घ्यावे. नुसते 'बेबी ऑफ' असे राहिले तर पुढे सगळे अडते. मग बाळाचे आधार. पाच वर्षांखाली बोटांचे ठसे घेत नाहीत, आईच्या किंवा वडिलांच्या आधारशी ते जोडले जाते. इथे आमच्या वस्त्यांत एक घोळ हमखास होतो. आईच्या आधारवर माहेरचे नाव असते, रेशनकार्डावर सासरचे, आणि जन्मदाखल्यावर दवाखान्यातल्या कोणी ऐकून लिहिलेले तिसरेच. हे तिन्ही आधी एक करून घ्यावे. दोन खेपा लागतील, पण पुढच्या दहा वाचतील. दुसरी गोष्ट मोबाइलची. सगळे ओटीपी त्याच नंबरवर येतात. भट्टीच्या हंगामात घर हलले, रिचार्ज संपला, सिम बंद पडले की अर्ज कुठे अडकला ते कळत नाही. निदान एक नंबर तरी घरात कायम जिवंत ठेवावा.

अर्ज 'स्वावलंबन' या केंद्र सरकारच्या पोर्टलवर होतो. त्यातूनच दाखला आणि 'युडीआयडी' कार्ड मिळते. अर्जाला सरकारी फी नाही. सेवा केंद्रात भरून घेतला तर भरणाऱ्याची मजुरी तेवढी द्यावी आणि पावती घ्यावी. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा आणि दवाखान्याचे कागद जोडावेत. अर्ज करतानाच रुग्णालय निवडायचे असते. नंतर ठरलेल्या वारी बाळाला घेऊन तेथे जावे लागते. म्हशाहून एसटीने मुरबाड, मुरबाडहून कल्याण, मग पुढे. पहाटे निघाल्याशिवाय नंबर लागत नाही. बाळाचे दूध, दोन लंगोट जास्त आणि कागदांच्या झेरॉक्स बरोबर ठेवाव्यात.

मग त्या ताईंना परत का पाठवले? कारण साधे आहे, पण कोणी नीट सांगितले नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मोजले आहे. डाऊन सिंड्रोम हे नाव त्यात वेगळे नाही. ही मुले 'बौद्धिक अक्षमता' या प्रकारात येतात. बुद्धीची आणि वाढीची मोजणी अगदी तान्ह्या बाळात करता येत नाही, म्हणून या प्रकारात एक वर्ष पूर्ण झाल्याशिवाय दाखला देत नाहीत. एक ते पाच वर्षांपर्यंत कागदावर 'वाढीतील विलंब' अशा अर्थाचे निदान येते आणि दाखला तात्पुरता असतो. पुढे ५, १० आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. तात्पुरता दाखला हातात पडला म्हणून फसवणूक झाली असे समजू नये, नियमच तसा आहे. मुदत संपायच्या आधी तीन-चार महिने नवा अर्ज करावा, नाहीतर मिळणारे लाभ बंद पडतात. "मोठे झाले की आणा" याऐवजी "वाढदिवस झाला की आणा" एवढे कोणी म्हटले असते तर एका आईच्या दोन मजुऱ्या वाचल्या असत्या.

तपासणीत मानसतज्ज्ञ आईला प्रश्न विचारतात. बाळ कधी बसले, घास तोंडात नेते का, ओळखीची माणसे ओळखते का. या वेळी काही आया लाजेपोटी किंवा मायेपोटी सांगतात, "सगळं करतंय की!" आणि टक्के कमी लागतात. काही जण शिकवल्यासारखे वाढवून सांगतात, तेही तज्ज्ञांच्या लगेच ध्यानात येते. जे रोज घरात दिसते तेच सांगावे. कशाला मदत लागते तेही सांगावे. आदल्या रात्री एका कागदावर लिहून ठेवले तर उत्तम. सौम्य अक्षमतेलाही साधारण ५० टक्के धरतात आणि बहुतेक लाभ ४० टक्क्यांपासून सुरू होतात, म्हणून घाबरायचे कारण नाही. टक्के चुकीचे वाटले तर ९० दिवसांत अपील करता येते. कार्डाचा रंग टक्क्यांवर असतो : ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळा, त्यावर निळा.

आणि तो आठ हजारवाला? खोट्या मार्गाने दिव्यांगांचा लाभ घेणे हा याच कायद्याने गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. बाळ खरे दिव्यांग असताना त्याच्यासाठी खोटा कागद कशाला घ्यायचा?

दाखला आल्यावर पहिला अर्ज तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा करावा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजारांपर्यंत, अशी अट आहे. महाराष्ट्रात १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० रुपये देण्याचे सरकारने ठरवले आहे, आधी ते १,५०० होते. बाळ अज्ञान असल्याने आई किंवा वडील 'अज्ञान पालनकर्ता' म्हणून सही करतात. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, रहिवास, युडीआयडी आणि आधार जोडलेले बँक खाते लागते. आम्ही खाते आईबरोबर काढायला सांगतो, त्याचे कारण सांगायची गरज नसावी. अर्ज दिल्याची पोच शिक्क्यासह घ्यावी. आमच्यातील काही घरांना हे पैसे मागायची लाज वाटते. संविधानाच्या कलम ४१ मध्ये आजारपण आणि विकलांगता यांत सरकारी मदतीचा उल्लेख आहे. ती भीक नव्हे.

'निरामय' ही नॅशनल ट्रस्टची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतची. थोडी फी असते आणि दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. यंदा त्याचे काय केले, हा प्रश्न ग्रामसभेत उभे राहून विचारावा. एसटीत ७५ टक्के सवलत आहे, पण बाळ मोठे होईपर्यंत तिचा उपयोग फारसा नाही. रेल्वेत मात्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला आणि सोबतच्याला, दोघांनाही सवलत मिळते. शाळेचे पुढे बघू म्हणून सोडू नका. ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षण हा या मुलांचा हक्क आहे. त्याआधी अंगणवाडीत इतर मुलांबरोबर बसवावे.

कोणी तोंडी "होत नाही" म्हटले तर लेखी मागावे. लेखी मागितले की निम्मी कामे होतात, हा आमचा अनुभव. नाहीच झाले तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

त्या ताईंच्या बाळाचा दाखला या पावसाळ्यात आला. ७५ टक्के, पाच वर्षांपर्यंतचा, तात्पुरता. तहसीलचा अर्ज अजून समितीपुढे आहे. बाळ आता भिंत धरून उभे राहते आणि वंदनेच्या वेळी सगळ्यांच्या आधी हात जोडते. ज्यांच्या घरी असे बाळ आहे त्यांनी कागदांची पिशवी घेऊन रविवारी वंदनेनंतर यावे. अर्ज भरायला आम्ही बसतो, पैसे घेत नाही. येताना आईचे आधार आणि रेशनकार्ड दोन्ही आणावे. नावे जुळतात का ते आधी पाहू.