अडकलेलें कडें

‘पदार्थ उष्णतेनें प्रसरण पावतात’ हें वाक्य मीं फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल, त्याची गणना नाहीं. त्याचें मर्म मात्र मला उतारवयांत, आणि तेंहि एका मोटारसायकलच्या निमित्तानें कळलें.

माझ्या पुतण्याच्या गाडीचें हँडल सरळ धरतांच खांचेंत बसल्यासारखें अडूं लागलें. त्याच गाडीवरून त्याची मुलगी रोज शाळेस जाई. तेव्हां हयगय करून चालणार नव्हतें. हँडलच्या दांड्यास वर एक व खालीं एक अशीं दोन बेअरिंगें असतात. कारागीर त्या संचास ‘कोनसेट’ म्हणतात. पाणी शिरून वंगण गेलें कीं गोळ्यांखालीं कड्यांत खळगे पडतात व हँडल त्यांत अडकतें.

पुतण्यानें चाक व दांडा उतरविला. गोळ्या सुटल्या, परंतु दांड्याच्या तळाचें कडें आणि सांगाड्याच्या उभ्या नळींतील कडें, हीं दोन्ही कांहीं केल्या हालेनात. त्यानें एकाच बाजूनें हातोडी चालविली, तों दांड्यावरचें कडें तिरकें होऊन अधिकच रुतलें.

अखेर शेजारच्या कारागिरास बोलाविलें. त्यानें आधीं बॅटरीच्या तारा सोडल्या, पेट्रोलची टांकी काढून दूर ठेवली आणि नळींतील कड्याच्या आंतल्या अंगास वेल्डिंगची बारीक रेघ ओढली.

मीं म्हटलें, “अहो, तापल्यानें कडें फुगून अधिकच घट्ट होईल ना?”

“गुरुजी, जरा निवूं तर द्या!” तो म्हणाला.

निवल्यावर तें कडें दोन टिचक्यांत खालीं पडलें! तापलेलें कडें फुगूं पाहतें, पण बाहेरची नळी त्यास वाव देत नाहीं. निवतांना मात्र तें पूर्वींपेक्षां लहान होतें.

दांड्यावर प्रकार उलट. तेथें कडें बाहेर व दांडा आंत. म्हणून त्यानें कडेंच त्वरेनें तापविलें आणि दांडा तापण्यापूर्वीं छिन्नीनें चोहों बाजूंनीं सारखें ठोकून उचललें. 30 मिलिमीटर व्यासाचें पोलादी कडें 100 अंश सेल्सिअसनें तापलें, तर व्यास वाढतो अवघा 0.036 मिलिमीटर, केंसाच्या जाडीहूनहि कमी! पण तेवढेंच पुरतें. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धांव चढवितांना लोहार हाच नियम योजतो. तापवून चढवितो आणि पाणी ओतून आवळतो.

ज्वालेनें पोलादाचें पाणी उतरतें. म्हणून काढलेलीं कडीं पुन्हां वापरूं नयेत, सबंध संच नवा घालावा. नळींत बसवावयाचें नवें कडें रात्रभर फ्रीजच्या बर्फखान्यांत ठेविल्यास तें किंचित् आकसून सुलभतेनें बसतें.

दुसऱ्या दिवशीं हँडल बोटानें फिरूं लागलें आणि मुलगी निर्धास्तपणें शाळेस गेली. मला मात्र चुटपुट लागून राहिली. नियम मीं शेंकडों मुलांकडून पाठ करून घेतला. पण आंत कोण आणि बाहेर कोण, हा पहिला प्रश्न त्यांना कधीं विचारलाच नाहीं.