पुठ्ठ्याचा पिरॅमिड आणि खोपीचा वासा



या भित्तिपत्रकाच्या खाली टेबलावर पुठ्ठ्याचे दोन पिरॅमिड ठेवले आहेत. एक बुटका आहे, एक उंच आहे. दोन्ही आम्ही सातवीच्या मुलामुलींनीच केले आहेत. बुटका चुकला आहे. आम्ही तो फेकून देणार होतो, पण गुरुजी म्हणाले, "राहू द्या. बरोबर आलेल्यापेक्षा हाच जास्त शिकवील." तो का चुकला आणि कोणी दुरुस्त केला, ते मी सांगते.

प्रथम खऱ्या पिरॅमिडची माहिती. इजिप्त देशात गिझा येथे खुफू राजाचा मोठा पिरॅमिड आहे. तो सुमारे ४५०० वर्षांपूर्वी बांधला. त्याचा तळ चौरस असून प्रत्येक बाजू सुमारे २३० मीटर आहे. बांधला तेव्हा उंची सुमारे १४७ मीटर होती. वरचे दगड गेल्यामुळे आज ती सुमारे १३८ मीटर उरली आहे. त्यात अंदाजे २३ लाख दगड आहेत. चारही बाजू त्रिकोणी असून वर एका टोकाला मिळतात.

एवढी मोठी वस्तू टेबलावर कशी आणायची? त्यासाठी प्रमाण लागते. नकाशावर आपण प्रमाण पाहतोच. १ : ५०००० च्या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. पालघर ते बोईसर रेल्वेने सुमारे १२ किलोमीटर, म्हणजे त्या नकाशावर सुमारे २४ सेंटिमीटर. आम्ही १ : १००० हे प्रमाण घेतले. १ सेंटिमीटर म्हणजे १० मीटर. मग २३० मीटरचा तळ झाला २३ सेंटिमीटर आणि १४७ मीटर उंची झाली १४.७ सेंटिमीटर.

प्रमाण घेतले की ते सगळ्यांना सारखेच लावायचे, बरं का! एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे असे चालत नाही. म्हणून आम्ही आपल्या गावालाही तेच प्रमाण लावून पाहिले. शाळेमागच्या माडाची उंची हवी होती. पण माडावर टेप घेऊन कोण चढणार? गुरुजींनी १ मीटरची काठी उन्हात सरळ उभी करायला सांगितली. काठीची सावली ८० सेंटिमीटर पडली. त्याच वेळी माडाची सावली मोजली, ती ९.६ मीटर भरली. ९.६ ला ०.८ ने भागले, उत्तर १२. माड १२ मीटर उंच! आमच्या प्रमाणात तो १२ मिलिमीटर होतो, म्हणजे करंगळीच्या पेरापेक्षाही लहान. आणि माणूस? दीड मिलिमीटरच्या आसपास, नाचणीच्या दाण्याएवढा. टेबलावर पिरॅमिडच्या शेजारी आम्ही नाचणीचे चार दाणे चिकटवले आहेत. ती माणसे आहेत, कचरा नव्हे. कृपया झटकू नका.

आता चुकीची गोष्ट.

किराणा दुकानातून मागून आणलेले खोके आम्ही उलगडले. २३ सेंटिमीटरचा चौरस आखला. त्याच्या चारही बाजूंवर एकेक त्रिकोण आखायचा होता. त्रिकोणाचा पाया २३, हे तर नक्कीच. उंची किती? मी म्हटले, "उंची १४.७ लिहिली आहे ना, मग १४.७!" सगळ्यांना पटले. त्रिकोण कापले, खळ लावली, चारही टोके वर जुळवली. पिरॅमिड उभा राहिला. मग काय, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण चित्राशेजारी ठेवला तर तो दबलेला दिसला. जणू कोणी वर बसून गेले होते. पट्टी उभी धरून उंची मोजली तर फक्त ९.२ सेंटिमीटर. साडेपाच सेंटिमीटर उंची गेली कुठे? आखणी पुन्हा तपासली, कुठेही चूक नव्हती. गुरुजी काही बोलेनात. म्हणाले, "उद्यापर्यंत विचार करा." मोठा पुठ्ठा एकच उरला होता, तो उगाच कापून चालणार नव्हते.

मी बुटका पिरॅमिड पिशवीत घालून घरी नेला. माझे बाबा वाडीत भाजीच्या राखणीसाठी खोपी बांधत होते. ते शाळेत गेलेले नाहीत. पण आमच्या पाड्यातली निम्मी छपरे त्यांच्या हातची आहेत. मी पिरॅमिड त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटले, "बाबा, उंची बरोबर घेतली तरी हा बसका का झाला?"

बाबांनी तो उलटासुलटा केला, आत बोट घालून पाहिले आणि हसले. म्हणाले, "मेढीएवढाच वासा कापलास की गं! मग छप्पर बसणारच."

मला कळले नाही. तेव्हा त्यांनी जमिनीत मधोमध एक काठी रोवली. ही मेढ. दुसरी काठी तिच्या टोकापासून तिरपी जमिनीला टेकवली. हा वासा. "मेढ सरळ उभी ऱ्हाते. वासा तिरपा खाली येतो. तिरप्याला लांबी जास्त लागते. आणि कोपऱ्यातला वासा तर त्याहून लांब. हे विसरलो तर बांबू फुकट जातो."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. पुस्तकात लिहिलेले १४.७ ही मेढीची उंची होती. आम्ही ती वाशाला दिली होती!

दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितले. गुरुजींनी फळ्यावर पिरॅमिड मधोमध कापल्यासारखे चित्र काढले. त्यात काटकोन त्रिकोण दिसला. एक बाजू मेढ, १४.७. दुसरी बाजू तळाच्या मध्यापासून कडेपर्यंत, म्हणजे २३ चे निम्मे, ११.५. आणि कर्ण म्हणजे वासा. पायथागोरसचा सिद्धांत आपण सातवीत शिकतोच. त्याने हिशेब असा झाला:

१४.७ चा वर्ग २१६.०९
११.५ चा वर्ग १३२.२५
बेरीज ३४८.३४
वर्गमूळ सुमारे १८.७

म्हणजे त्रिकोण १८.७ सेंटिमीटर उंचीचा कापायला हवा होता. कोपऱ्यातला वासा, म्हणजे पिरॅमिडची कड, याच रीतीने काढली. ती सुमारे २२ सेंटिमीटर आली. बाबा म्हणाले होते तसेच, सर्वांत लांब. उरलेला पुठ्ठा या मापाने कापला. उभी पट्टी लावली, १४.७ भरले. कोनमापकाने उतार मोजला तो सुमारे ५२ अंश. खऱ्या पिरॅमिडचाही उतार तेवढाच आहे. या वेळी टाळ्या आम्ही मोजून झाल्यावर वाजवल्या.

गुरुजी म्हणाले, "तुझ्या बाबांना शाळेत बोलाव." बाबा म्हणाले, "माझं काय काम तिथं? मला लिहिता येत नाही." दोन दिवस ते टाळत होते. शनिवारी आईने हातात काठ्या देऊनच पाठवले. ते वर्गाच्या दारातच उभे राहिले. गुरुजी म्हणाले, "आत या, दादा. आज तुम्हीच शिकवा." बाबांनी मेढ आणि वासा लावून दाखवला. बांबू ते हाताने आणि बोटांनी मोजतात. एक हात चढाला किती बोटे आत यायचे, हे ते छपरागणिक ठरवतात. गवताच्या छपराला उतार जास्त लागतो, नाहीतर पाणी थांबते आणि गवत कुजते.

हे ऐकून गुरुजींनी एक नवल सांगितले. इजिप्तचे कारागीरही असेच मोजत! त्यांचा एक हात म्हणजे सात मुठी, आणि चार बोटांची एक मूठ. एक हात चढायचे तर किती मुठी आत यायचे, यावर ते उतार ठरवत. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी आहमेस नावाच्या लेखनिकाने पपायरसवर अशी गणिते लिहून ठेवली. तो पपायरस आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. खुफूच्या पिरॅमिडचा उतार सात मुठी चढाला साडेपाच मुठी आत, असा भरतो. करून पाहा: १४७ ला ७ ने भागा, २१ येतात. २१ गुणिले साडेपाच, ११५.५. त्याची दुप्पट २३१. तळ जवळजवळ जुळला की नाही?

आणखी एक प्रयोग. २३ सेंटिमीटर चौरस तळाचा आणि १४.७ सेंटिमीटर उंचीचा खोका घ्या. तेवढ्याच मापाचा बिनतळाचा पिरॅमिड उलटा धरून कोरड्या वाळूने भरा आणि खोक्यात ओता. तीन वेळा ओतल्यावर खोका भरतो. म्हणजे पिरॅमिडचे घनफळ खोक्याच्या एक तृतीयांश असते. आमच्या पिरॅमिडमध्ये सुमारे २.६ लिटर वाळू मावते. पण येथे सावध राहा! लांबी हजारपट लहान केली, तर घनफळ हजारपट लहान होत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही हजारपट घटतात, म्हणून घनफळ १०० कोटी पटीने घटते. खऱ्या पिरॅमिडचे घनफळ सुमारे २६ लाख घनमीटर आहे.

मित्रांनो, ध्यानात ठेवायची गोष्ट एकच. माप घेताना नुसता आकडा पाहू नका, ते माप सरळ उभे आहे की तिरपे, हे आधी विचारा. आणि वर्गात अडले तर घरीही विचारा. भूमिती आपल्या छपरात आहे, आणि ती बांधणारे आपल्याच घरी आहेत.

पालकहो, टेबलाला दोरीने एक वही बांधली आहे. छप्पर, होडी, विहीर, पाटी-टोपली किंवा जाळे, तुम्ही जे करता त्याचे माप कसे घेता ते सांगा. लिहिता येत नसेल तर सातवीचा कोणीही मुलगा किंवा मुलगी लिहून घेईल. पहिल्या पानावर माझ्या बाबांच्या खोपीचे माप आहे. दुसरे पान कोरे आहे. त्यावर येणारे गणित आम्ही पुढच्या अंकात सोडवून दाखवू.

इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी