छोट्या गाडीत मोठं इंजिन

शंभर सीसीच्या फटफटीत दीडशेचं इंजिन बसवायचं, तेही घरच्या अंगणात, हा नाद जुना आहे. भंगारबाजारात इंजिन मिळतं, पाने घरात असतात आणि रविवार मोकळा असतो!

१९९४ साली आलेली हिरो होंडा स्प्लेंडर घ्या. इंजिन ९७.२ सीसीचं, सिलिंडर जवळजवळ आडवा. दीडशेच्या बहुतेक इंजिनांत तो उभा असतो. म्हणजे टाकीखाली जागा पुरत नाही, बोल्टांची भोकं जुळत नाहीत. मग चौकटीला नव्या पट्ट्या वेल्ड करणं आलं. त्याआधी पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवावी. पुढचं-मागचं चेनचक्र एका रेषेतच यायला हवं. कवितेत एखादी मात्रा वाढली तर नुसता कान कुरकुरतो. इथं चेन उतरून अडकली की धावतं चाक जाम होतं.

खरी मेख मात्र ब्रेकची. वेग दीडपट झाला की त्याच ब्रेकवर थांबायला अंतर दीडपट नव्हे, सव्वादोनपट लागतं. पोरं इंजिनावर पैसे ओततात, ड्रमब्रेक जुनेच ठेवतात.

आणि कायदा? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असा फेरफार करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं प्रत्येक बेकायदा बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवलं आहे. अपघात झालाच, तर विम्याचा सर्व्हेअर इंजिनावर कोरलेला नंबर नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहतो.