शिबिर कीं स्वाध्याय?

घरांतील मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न निघाला म्हणजे पूर्वी दोनच गोष्टी विचारल्या जात: कॉलेज कोणतें आणि पदवी कोणती. आतां त्यांत तिसरी एक गोष्ट आली आहे. पदवी हातीं असली तरी नोकरीच्या दारांत पुष्कळदां निराळें प्रमाणपत्र मागतात. आणि संगणकांचीं जाळीं जोडणें व तीं राखणें, ज्यास ‘नेटवर्किंग’ म्हणतात, त्या धंद्यांत तर हें विशेष आढळतें. मग घरांत दोन पक्ष पडतात. मुलगा म्हणतो, “बूटकॅम्पला नांव घालतों, पंधरा दिवसांत काम होईल.” काका म्हणतात, “अरे, सगळें घरबसल्या फुकट मिळतें, पैसे कशाला दवडायचे?” आजीच्या नांवची ठेव मोडावी कीं न मोडावी, येथपर्यंत गोष्ट येते. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत निम्में सत्य आहे. परंतु निम्म्या सत्यावर खर्चलेला पैसा व वेळ बहुधा पुरा वायां जातो. म्हणून या विषयाचा थोडा शांतपणें विचार करूं.

प्रथम परीक्षेचें स्वरूप पाहूं. या क्षेत्रांतील आरंभीच्या दोन परीक्षा विशेष प्रसिद्ध आहेत. सिस्को या अमेरिकन कंपनीची ‘सीसीएनए’ ही १९९८ पासून चालू आहे, आणि दुसरी ‘कॉम्पटिया’ या संस्थेची ‘नेटवर्क प्लस’. सीसीएनएचा अभ्यासक्रम २०२० सालीं नव्यानें बांधला गेला व २०२४ च्या ऑगस्टांत सुधारला गेला. त्याप्रमाणें परीक्षेस १२० मिनिटें मिळतात, फी ३०० डॉलर पडते, आणि एका प्रश्नाचें उत्तर देऊन पुढें गेलें कीं मागें फिरतां येत नाहीं. नेटवर्क प्लसच्या २०२४ च्या आवृत्तींत ९० मिनिटांत जास्तींत जास्त ९० प्रश्न सोडवावयाचे असतात. दोन्ही प्रमाणपत्रांची मुदत तीन वर्षांची. परीक्षेस बसण्यास पदवीची अट नाहीं. आणि विद्यार्थी कोठें व कोणापाशीं शिकला हेंहि कोणी विचारीत नाहीं. शिबिराची फी कितीहि मोठी असो, तिचा शिक्का प्रमाणपत्रावर उमटत नसतो, हें वडील माणसांनीं आधीं ध्यानांत घ्यावें.

आतां निवाडा कोणत्या मापानें करावा? प्रस्तुत लेखकाची हयात मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेली, त्यामुळें त्यास जुनेंच माप आठवतें. विद्येचे चार पाद सांगितले आहेत. एक पाद गुरूपासून मिळतो, एक स्वतःच्या बुद्धीनें, एक सहाध्यायांच्या संगतीनें, आणि उरलेला काळ गेल्यावरच पदरांत पडतो. शिबिर व स्वाध्याय यांस या चार पादांवर एकेकदां उभे करून पाहूं.

गुरूच्या पादांत शिबिराची बाजू निःसंशय जड आहे. बूटकॅम्प हें नांव पलटणींतील नव्या शिपायांच्या कसरतीवरून आलें आहे, आणि प्रकारहि तसाच. कोठें पांच-सहा दिवस, कोठें दोन-तीन आठवडे, रोज आठ-आठ, दहा-दहा तास एकच विषय. शिक्षक अनुभवी असला तर जी शंका घरीं दोन दिवस छळते ती तेथें दोन मिनिटांत सुटते, आणि खर्‍या राउटर-स्विचांवर हात बसतो. ज्यानें दोन-तीन वर्षें हें काम केलें आहे, ज्याचें ज्ञान आहे पण विस्कळित आहे, आणि ज्याची फी कंपनी भरणार आहे, त्यानें शिबिरास अवश्य जावें. त्याच्या पोत्यांत धान्य आहे. त्यास फक्त तोंड बांधून हवें आहे.

दुसरा पाद स्वबुद्धीचा, आणि तो कोणी विकत देऊं शकत नाहीं. एक साधें उदाहरण घेऊं. जाळ्यांतील यंत्रास जो जुन्या पद्धतीचा पत्ता असतो, तो बत्तीस द्विअंकी स्थानांचा असतो. त्यांतील पहिलीं २६ स्थानें जाळ्यासाठीं राखलीं तर यंत्रांसाठीं ६ उरतात. सहा स्थानांचे ६४ पत्ते होतात. त्यांतून एक जाळ्याच्या स्वतःच्या नांवाचा व एक सर्वांस एकदम हाक मारण्याचा वजा केला म्हणजे ६२ यंत्रांची सोय होते. शिक्षकानें फळ्यावर हें मांडलें कीं वर्गांतील सर्व माना डोलतात. पण परीक्षेच्या खोलींत घड्याळ पुढें सरकत असतां हाच हिशेब निराळ्या आंकड्यांनीं अर्ध्या मिनिटांत करावयाचा असतो. राम शब्द गुरुजींनीं चालवून दाखविला म्हणून विद्यार्थ्याला देव चालवितां येत नाहीं. तो त्यानें स्वतः चालवावा लागतो. तीच गोष्ट ‘व्हीलॅन’ची. एकाच वाड्यांत निरनिराळीं बिर्‍हाडें असावींत व प्रत्येकाचा उंबरा निराळा असावा, तशी एकाच स्विचवर निरनिराळीं जाळीं नांदविण्याची ही युक्ति. ऐकण्यास सोपी, पण एक बिर्‍हाड चुकून दुसर्‍याच्या खोलींत शिरलें म्हणजे दोष कोठें आहे हें शोधण्यास शंभर वेळां हातानें जोडावें व मोडावें लागतें. त्यासाठीं खरीं यंत्रेंच हवींत असेंहि नाहीं. सिस्कोचें ‘पॅकेट ट्रेसर’ हें यंत्रांची हुबेहूब नक्कल करणारें साधन शिकणार्‍यांस मोफत मिळतें. काकांचें म्हणणें येथें खरें ठरतें.

तिसर्‍या पादांत मात्र काकांचा पक्ष दुबळा होतो. एकट्यानें अभ्यास करणारा आपल्या चुकीच्या समजुतीला कोणी विचारणारा नसल्यामुळें तीच घट्ट करीत बसतो. आणि आज कंटाळा आला, उद्यां पाहुणे आले, असें होतां होतां पुस्तक फळीवर जातें. शिबिरांत शेजारी कोणी तरी असतो. तरी हा पाद विकतच घ्यावा असें नाहीं. त्याच परीक्षेचे दोन-तीन सोबती जमवावे, आठवड्यांतून एकदां बसावें, आणि प्रत्येकानें एक विषय दुसर्‍यांस शिकवावा. जें शिकवितां येत नाहीं तें आपणांस येत नाहीं, ही कसोटी फार जुनी व फार खरी आहे.

चौथा पाद काळाचा. एबिंगहाउस या जर्मन पंडितानें निरर्थक शब्दांश स्वतः पाठ करून विस्मरणाचें मोजमाप केलें व तें १८८५ सालीं प्रसिद्ध केलें. पाठ केलेल्यापैकीं बरेंच पहिल्याच दिवसांत गळून जातें, आणि एका बैठकींतील आवृत्त्यांपेक्षां दिवसांवर वांटलेल्या आवृत्त्या अधिक टिकतात, असें त्यास आढळलें. पुढें २००६ सालीं रोडिगर व कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं विद्यार्थ्यांच्या दोन तर्‍हा ताडून पाहिल्या. पुन्हां पुन्हां वाचणारे पांच मिनिटांनंतरच्या चांचणींत पुढें होते. परंतु दोन दिवसांनीं व आठवड्यानें घेतलेल्या चांचणींत, मध्यंतरीं न पाहतां आठवून लिहिणारे त्यांच्या पुढें गेले. शिबिराच्या शेवटच्या दिवशीं ‘मला सर्व येतें’ असें वाटतें, त्यांतील मर्म हेंच. आमच्या वेदपाठशाळांनीं हें नियम म्हणून लिहिलें नसेल, पण संथा व आवृत्ति यांच्या रूपानें आचरिलें.

चारी पाद मिळवून पाहिले म्हणजे उत्तर फारसें अवघड राहत नाहीं. नवशिक्यानें आरंभ स्वाध्यायानेंच करावा. सीसीएनएचे सहा विभाग व त्यांचे भार आधीं जाहीर असतात. २०२४ च्या आराखड्यांत सर्वांत मोठा, २५ टक्क्यांचा, भाग एका जाळ्यांतून दुसर्‍या जाळ्यांत मार्ग काढण्याचा आहे. रोज दीड-दोन तास, निम्मा वेळ वाचनास व निम्मा हातानें करण्यास, असे तीन-चार महिने द्यावे. मग एक सराव-परीक्षा देऊन कोठें अडतें तें पाहावें. अडचण गुरूवांचून सुटण्यासारखी नसेल तरच शिबिराची फी भरावी. तेव्हां ती पुरी वसूल होते. अभ्यासाआधीं शिबिर म्हणजे पेरणीआधीं मळणी.

शिबिर घ्यावयाचेंच ठरलें तर पैसे देण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे. शिकविणारानें हें काम प्रत्यक्ष किती वर्षें केलें आहे? एका वर्गांत मुलें किती? परीक्षेची फी यांत धरली आहे कीं वेगळी? आणि ‘उत्तीर्ण न झाल्यास पैसे परत’ असें सांगत असतील, तर त्याच्या अटी लेखी आहेत काय? नोकरीची हमी देणार्‍यापासून दूर राहावें. नोकरी देणें त्याच्या हातीं नसतें. ‘डम्प’ या नांवानें खर्‍या परीक्षेचे चोरलेले प्रश्न विकले जातात, त्यांस तर शिवूंहि नये. तें उघडकीस आलें म्हणजे मिळालेलें प्रमाणपत्र रद्द होतें, आणि न आलें तरी पहिल्या बिघाडाच्या रात्रीं अज्ञान उघडें पडतें.

एक गोष्ट मात्र घरानें करावयाची आहे. एकत्र कुटुंबांत स्वाध्याय हें एकट्याचें काम नसतें. फीचे हजारों रुपये वाचले म्हणून समाधान मानणार्‍या घरानें त्या मुलास रोज दोन तास एक खोली व निवांतपणा दिला पाहिजे. त्या वेळांत ‘जरा दळण टाकून ये’ असें कोणीहि म्हणूं नये. मुलांच्या संगोपनासाठीं नोकरी सोडलेली सून पुन्हां या कामास लागूं इच्छीत असेल, तर तिच्यासाठीं हें दुपटीनें खरें आहे. तिच्या दोन तासांचा स्वयंपाक कोणी तरी उचलल्यावांचून तिचा अभ्यास फुकट होत नसतो. त्याची किंमत ती रात्रीं जागून देते.

प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची, हें वर आलेंच आहे. ती संपण्यापूर्वीं पुन्हां परीक्षा देऊन किंवा नेमून दिलेलें पुढील शिक्षण घेऊन तें चालूं ठेवावें लागतें. ज्यास एकट्यानें बसून शिकण्याची संवय आहे त्यास ही अट जड वाटत नाहीं. ज्यास ती नाहीं, त्याच्यासाठीं दर तीन वर्षांनीं एक ठेव मोडावी लागेल.